घोरपडींच्या शर्टात फाउस्तो

मी सुतारांची. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की कासिल्दा लांतिग्वा फिरली. आमच्या बेसबॉल संघाच्या टोपीवर लाल डोक्याचा सुतारपक्षी आहे, म्हणून आम्ही सुतार. माझ्या बापाची ती टोपी होती, मग नवऱ्याची झाली. नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, टोपी शवपेटीत त्याच्या छातीवर ठेव. मी ठेवली नाही. स्वतःच्या डोक्यावर घातली. ओविदिओ वर बसून चिडला असेल, पण त्याला तिकडं बेसबॉल बघायला मिळतो की नाही कुणास ठाऊक. मला तर इथं रोज बघायचा होता.

ओविदिओ जिवंत असताना खेळ सुरू झाला की माझ्या वाट्याला एकच शब्द यायचा. "गप." एकोणीस वर्षं मी गप बसले. तो गेला त्याच हिवाळ्यात एका दुपारी एक वाजता मी मोन पेगेरोच्या रेडिओवरच्या कार्यक्रमाला फोन लावला. शिवणमशीनवर बसल्या बसल्या. कार्निव्हलचे सैतानाचे झगे शिवते मी, घुंगरू आणि आरशाचे तुकडे लावून, जानेवारीत मला मान वर करायला वेळ नसतो. पण त्या दिवशी राहवलं नाही. मी म्हणाले, "तो आपला नवा कॅचर, फाउस्तो ब्रासोबान, बॅट अशी फिरवतो जशी भातावरची माशी हाकलतोय. त्याला म्हणावं खेळ सोड आणि चौकात अवाकाडो विक." मोन इतका हसला की त्याला मध्येच जाहिरात लावावी लागली. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला फोन केला, तोही मानानं दोन्या म्हणत, बाईसाहेब म्हणावं तसं. "दोन्या कासिल्दा, आज काय मत?"

त्याला पंधरा वर्षं झाली. आता एक वाजला की गावात माझा आवाज. टॅक्सीवाले ऐकतात, मासळीवाल्या ऐकतात. न्यूयॉर्कला माझी मुलगी आहे, ती मला फोन करत नाही, मोनचा कार्यक्रम लावते. आई ओरडतेय म्हणजे आई ठणठणीत आहे. मोन मात्र रोज कातावतो, "दोन्या, मशीन बंद करा हो, ऐकू येत नाही!" मी करत नाही. पाय चालले नाहीत तर माझी जीभ चालत नाही. ऐकणाऱ्यांनी त्याचाही अर्थ लावून ठेवलाय. मशीन धाडधाड पळत असलं की आज कुणाची तरी खरडपट्टी. आणि मशीन हळू पडलं की समजायचं, दोन्या कासिल्दाला काहीतरी आवडलंय, पण ते ती मेली तरी तोंडानं कबूल करायची नाही.

या मोसमात मशीन हळू पडायचा प्रश्नच नव्हता. काय एकेक नग आणले होते! पहिल्या बेसवर एक अमेरिकन, ताडाएवढा उंच आणि ताडाएवढाच हलणारा. नाताळला आईला भेटून येतो म्हणून गेला, तो अजून येतोच आहे. आमचा डावखुरा पिचर दिला आणि त्याच्या बदल्यात दोन माणसं घेतली. एक मारतो पण पळत नाही, दुसरा पळतो पण मारत नाही. मी मोनला म्हटलं, "दोघं मिळून एक अख्खा खेळाडू होतो, पण त्या दोघांना एकाच शर्टात कसं कोंबायचं ते आधी व्यवस्थापकाला विचार." मग तो आमचा योएल, एकवीस वर्षांचं पोर, चेंडू सोडतो तो दिसतच नाही. पण त्याच्या अमेरिकेतल्या संघाचं फर्मान, पाच डावांच्या वर टाकायचं नाही. आमचं पोर, आमचं मैदान, आमचे लोक, आणि घड्याळ लावून बसलेत ते! प्रशिक्षक तीन वेळा बदलला. तिसरा तर पहिलाच परत आणला.

आणि फाउस्तो. पंधरा हिवाळे त्या माणसानं बॅटवाल्याच्या मागं उकिडवं बसून काढले. गुडघे कुरकुरायला लागले, पोट सुटलं, बॅट तर पहिल्यापासून माशी हाकलणारीच. पण पुढचा चेंडू कुठं पडणार हे त्याला चेंडू टाकणाऱ्याच्या आधी कळायचं. पळणारा घराकडं, म्हणजे फाउस्तो राखायचा त्या शेवटच्या बेसकडं, यायला लागला की तो असा आडवा व्हायचा की वाटावं दाराला कडी लागली. हे मी रेडिओवर एकदाही बोलले नाही. रेडिओवर मी त्याला फक्त शिव्या घातल्या. आपल्या माणसालाच आपण बोलतो, परक्याला कोण कशाला बोलेल? दुसऱ्या संघांनी दोनदा त्याला अंतिम फेरीसाठी मागितलं, तो दोन्हीदा नाही म्हणाला. सुतारांसोबत चार वेळा अंतिम फेरीत गेला आणि चारही वेळा हरून आला.

डिसेंबरात एका दुपारी तो मोनच्या कार्यक्रमात आला आणि म्हणाला, हा शेवटचा मोसम. मला वाटलं होतं मी म्हणेन, सुटलो एकदाचे. सुई बोटात घुसली तरी मला कळलं नाही. मशीनच्या वर भिंतीवर आमच्या तातिकाची तसबीर आहे, हिग्वेच्या देवळातली आल्ताग्रासिया, बाळ येशूची माय, तिच्याकडं मी बघितलं आणि रडू फुटलं. आणि रडता रडता नवस बोलून बसले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड.

म्हटलं, "तातिका, फाउस्तोला जायच्या आधी एकदा विजेता कर. तो विजेता झाला ना, की मी मोनच्या कार्यक्रमात पुन्हा तोंड उघडणार नाही. कधीच नाही."

मेणबत्ती लावली, बोटाला चिंधी बांधली आणि कामाला लागले. "सुतारांसोबत" हा शब्द मी उच्चारला नाही. कशाला उच्चारीन? फाउस्तो सुतार, मी सुतार, तातिका तर पंधरा वर्षं त्याच भिंतीवरून सगळं ऐकत आलेली. देवीला काय सगळं फोड करून सांगायचं असतं?

जानेवारीत सुतार हरले. चार संघांतून दोन उरतात, त्यात आम्ही नव्हतो. उरले ते खेकडे आणि घोरपडी. खेकड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, किनाऱ्यावरची साधी माणसं. पण घोरपडी! हिरवा शर्ट, हिरवी टोपी आणि जन्मजात माज. माझ्या शेजारचा दुकानदार तांक्रेदो घोरपडींचा आहे. माझ्या मुलीचा धर्मपिता तो, मरणाला आणि आजाराला पहिला धावून येतो; पण मोसम सुरू झाला की मी त्याच्या दुकानातून तांदूळ घेत नाही, लांबच्या चौकातून आणते.

आमच्याकडं एक रीत आहे. अंतिम फेरीचे दोन संघ ठरले की ते हरलेल्यांच्या घरात शिरतात आणि टोपलीतली वांगी निवडावीत तसे आमचे खेळाडू दाबून बघून निवडून नेतात. त्या फेरीपुरते, मदतीला. आपला माणूस आठ-दहा दिवस दुसऱ्याचा शर्ट घालतो आणि परत येतो. पिढ्यान् पिढ्या चाललंय, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी रेडिओ तांक्रेदोच्या दुकानातही चालू होता आणि माझ्याकडंही. पहिली पाळी खेकड्यांची, त्यांनी योएलला उचललं. ठीक. मग घोरपडी. त्यांच्या कॅचरचं बोट दोन दिवसांपूर्वी मोडलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण फाउस्तो तिसऱ्यांदाही नाहीच म्हणणार, हेही मला ठाऊक होतं. आणि मोनचा आवाज आला, "घोरपडींची निवड, फाउस्तो ब्रासोबान. आणि बरं का मंडळी, फाउस्तो हो म्हणालाय."

शेजारून तांक्रेदोचा आवाज भिंत फोडून आला. "कासिल्दा! अगं ए कासिल्दा! तुझा अवाकाडोवाला आमच्याकडं आला गं!"

"थोबाड बंद कर, मेल्या!" मी ओरडले. मग तातिकाकडं बघितलं. ती नेहमीसारखीच बाळाकडं बघत होती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की मी काय बोलून बसलेय. फाउस्तो विजेता होणार तर घोरपडींचा शर्ट घालून. आणि तो झाला तर माझं तोंड बंद. म्हणजे संघ गेला, वैरी जिंकला आणि त्यावर शिव्या द्यायलाही मी उरले नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मोननं विचारलं, "दोन्या, आता तुम्ही कोणाच्या?"

"घोरपडी हरल्या पाहिजेत," मी म्हटलं.

"म्हणजे खेकड्यांच्या."

"पण फाउस्तो जिंकला पाहिजे."

"दोन्या, तो घोरपडींकडं आहे."

"मला काय सांगतोस? मी आंधळी आहे का? फाउस्तोनं चार होमरन मारावेत आणि घोरपडी पाच धावांनी हराव्यात."

"दोन्या, फाउस्तोनं गेल्या तीन वर्षांत मिळून चार होमरन मारलेत."

"मग तू एवढं विचारतोस कशाला!" मी म्हटलं आणि फोन आपटला. नंतर लोक म्हणाले, मशीन त्या दिवशी कधी पळत होतं, कधी थांबत होतं, दोन्याला बरं नसेल. मुलीचा न्यूयॉर्कहून खरोखरचा फोन आला. "आई, तुला ताप आहे का?" मी म्हटलं, "ताप नाही गं, फाउस्तो आहे." तिला काही कळलं नाही, आणि मला तरी कुठं कळत होतं.

पहिला सामना मी सुताराची टोपी घालून बघितला. खेकड्यांच्या बाजूनं. फाउस्तो बॅट घेऊन आला की तोंडात जपमाळेचे शब्द यायचे. तो बाद झाला की हायसं वाटायचं, आणि हायसं वाटलं की स्वतःचीच शिसारी यायची. दुसऱ्या सामन्यात त्यानं दोन पळणाऱ्यांना बेसवर टिपलं. मी टाळी वाजवली आणि लगेच हात एप्रनखाली लपवले, घरात कुणी नसताना. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हिरवा शर्ट त्याला पोटावर घट्ट होत होता. इतकी वर्षं त्याच्या सुताराच्या शर्टाची मापं कुणीतरी सैल करत आणली असणार. मला वाटलं, यांना एक शर्ट धड शिवून देता येत नाही माझ्या माणसाला. मग वाटलं, 'माझ्या' काय? तो आता कोणाचा?

चार सामने झाले, दोन त्यांचे, दोन यांचे. माझी झोप उडाली. एका सैतानाला तीन बाह्या लावल्या. शेवटी उठले आणि फादर आन्सेल्मोकडं गेले. ते चर्चच्या मागं केळीला पाणी घालत होते.

मी सगळं सांगितलं. विचारलं, "फादर, मी 'सुतारांसोबत' म्हटलं नव्हतं. पण मनात तेच होतं. तातिका मनातलं धरते की तोंडातलं?"

फादरांनी नळी खाली ठेवली. "दोन्या, आधी एक कबूल करतो. मी खेकड्यांचा आहे. त्यामुळं फाउस्तो विजेता न होण्यात माझाही स्वार्थ आहे. माझं मत निर्मळ नाही."

"तरी सांगा."

"नवस मोडायचा असेल तर बदलून घेता येतो. त्याऐवजी गरिबांना जेवण घाला, हिग्वेला पायी जा. मी देईन परवानगी." मग ओले हात पुसत म्हणाले, "पण तुम्ही असला नवस बोललातच का? दुसरं काहीतरी द्यायचं होतं की."

"दुसरं काय होतं माझ्याकडं?"

हे मी सहज म्हणून गेले. खाली ठेवलेल्या नळीचं पाणी केळीच्या मुळाशी न जाता वाटेवर वाहत गेलं. मला रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. घरी येताना ठरवत होते, बदलून घेते, हिग्वेला पायी जाते, मोनला सोडत नाही. चौकापर्यंत आले तेव्हा वाटलं, फाउस्तोसाठी मागितलं तेव्हा खरं मोल दिलं, आणि आता तो जिंकायला आलाय तर मी सौदा स्वस्त करून घेणार? दारात आले तेव्हा वाटलं, पण घोरपडी! धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. बदलून घेतला नाही. घ्यायचा नाही असंही ठरवलं नाही. तसंच राहिलं.

एकवीस जानेवारीला तातिकाचा सण. गावात मिरवणूक, फटाके. मी मेणबत्ती लावली आणि काय मागावं तेच सुचेना. नुसतीच उभी राहिले. मग म्हटलं, "तुला कळतं." हे मी महिन्यापूर्वीही समजून चालले होते आणि त्याचंच हे सगळं झालं होतं. तरी तेच म्हटलं.

तोवर सहा सामने झाले होते, तीन-तीन. सातवा आणि शेवटचा दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी चारला. माझ्या टीव्हीवर नेमक्या त्याच दिवशी नुसत्या मुंग्या यायला लागल्या. तांक्रेदोच्या दुकानात मोठा टीव्ही. पंधरा वर्षांत मी मोसम चालू असताना त्याच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. चढले. डोक्यावर टोपी होती. दुकानात हिरवेगार पंचवीस-तीस लोक, सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

तांक्रेदोनं तोंड उघडलं, काहीतरी झणझणीत बोलणार होता, पण माझा चेहरा बघून त्यानं तांदळाच्या पोत्यावरचं मांजर उठवलं आणि म्हणाला, "बस इथं."

"मी तुमच्याकडून नाही बसले," मी म्हटलं.

"मी कुठं विचारलं?"

शेवटच्या डावापर्यंत पाच-चार. घोरपडी एका धावेनं पुढं. बॅट खेकड्यांची, दोन बाद, दुसऱ्या बेसवर त्यांचा सगळ्यात चपळ पोरगा. हा एक बाद झाला की संपलं. फाउस्तो बॅटवाल्याच्या मागं बसला होता, मुखवटा वर करून घाम पुसला, आणि बसताना त्याचा उजवा गुडघा थरथरला. दुकानात इतर कुणाला ते दिसलं नसेल. मी पंधरा वर्षं तो गुडघा बघत आलेय.

चेंडू उजवीकडं गेला, सरळ, जमिनीला लागून. पोरगा तिसऱ्या बेसवरून वळला आणि घराकडं सुटला. लांबून चेंडू आला, थोडा बाहेर. फाउस्तोला चेंडूसाठी एक पाऊल सोडावं लागणार होतं आणि पाऊल सोडलं की दार उघडं. त्यानं पाऊल सोडलं नाही. नुसता अंगानं कलंडला, हातमोज्यात चेंडू घेतला आणि तो थरथरणारा गुडघा पोराच्या वाटेत टेकवला.

"धर रे माझ्या राजा, धर! सोडू नकोस!"

दुकानात कोणीतरी ओरडलं. ती मी होते. पोत्यावर उभी होते आणि टोपी कुठं उडाली ते माहीत नव्हतं. गेले दहा दिवस डोक्यात जो काला झाला होता त्यातलं काही त्या घटकेला उरलं नव्हतं. घोरपड नाही, सुतार नाही, नवस नाही. एवढंच, की यानं चेंडू सोडू नये.

धूळ बसली. फाउस्तो पाठीवर पडला होता. हातमोजा वर केला. चेंडू आत होता.

मग हिरवा गोंधळ. तांक्रेदोनं मला मिठी मारली, मी त्याला ढकललं आणि परत मिठी मारली. टीव्हीवर त्यांनी फाउस्तोला खांद्यावर घेतलं, कोणीतरी हिरवी टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. तो रडत होता, हमसून, तोंड वाकडं करून. मीही. पण कशासाठी, ते मला विचारू नका. तांक्रेदोनं माझी टोपी खोक्यांच्या मागून शोधून आणली, फुंकर मारून धूळ उडवली. म्हणाला, "उद्या मोनला काय सांगणार आहेस? सांग ना, दुकानात पोत्यावर चढले होते म्हणून!" मी टोपी डोक्यावर घातली आणि घरची वाट धरली. त्याला वाटलं, मी दमले.

सोमवार. एक वाजला. मी मशीनवर बसले, समोर लाल-पिवळा झगा, बाही लावायची राहिलेली. रेडिओ लावला. फोनला हात लावला नाही. हातांना सवय होती, ते दोनदा तिकडं गेले, मी परत आणले. मोन म्हणाला, "दोन्या कासिल्दाचा फोन नाही अजून. घोरपडी जिंकल्या, दोन्या रुसल्या." लोकांचे फोन आले. एकजण म्हणाला, फाउस्तो गद्दार. याला असा धुतला असता ना मी! दुसरा म्हणाला, शेवटचा चेंडू नशिबानं मिळाला. नशिबानं! गुडघा बघितलास का रे शेंबड्या? मी जीभ दाताखाली धरली. तातिका भिंतीवर. असं वाटलं, घरात मीच नाहीये.

मग मोन म्हणाला, "आज पाहुणे आहेत. विजेता फाउस्तो ब्रासोबान." आणि फाउस्तोचा घोगरा आवाज, "मोन, माझ्याशी नंतर बोल. आधी दोन्याला फोन लाव."

फोन वाजला. मुलगी असेल असं स्वतःला सांगत मी उचलला. मुलगी नव्हती.

"दोन्या?" फाउस्तो म्हणाला. एवढ्या वर्षांत तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "दोन्या कासिल्दा, मी फाउस्तो. पहिल्या वर्षी तुम्ही मला अवाकाडो विकायला सांगितलं होतं. माझ्या आईनं ते ऐकलं होतं. ती म्हणाली, ही बाई तुझा खेळ एकही चेंडू न सोडता बघते, तेव्हा तिचं ऐक. तेव्हापासून दुपारी एक वाजता मी कुठंही असलो तरी ऐकतो. अमेरिकेत असलो तरी. दुसरे संघ दोनदा मला मागायला आले, मी नाही म्हणालो. ही तिसरी वेळ, चौथी येणार नव्हती, म्हणून गेलो. चुकलं असेल तर शिव्या घाला. पण आधी एकदा सांगा, दोन्या. फक्त एकदा. काल मी बरा खेळलो का?"

मी तोंड उघडलं. पंधरा वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं एकदम जिभेवर आलं. त्याचा गुडघा, दाराची कडी, चेंडू आधी कळणं, सगळं. आणि वर तातिका. तिनं तिचं दिलं होतं, पूर्ण, कुठंही काटछाट न करता. मी तोंड मिटलं.

"दोन्या?" मोन म्हणाला. "लाईन गेली वाटतं."

"नाही गेली," फाउस्तो म्हणाला. "श्वास ऐकू येतोय."

मला काय करावं ते सुचेना. डोळ्यांपुढं सगळं पाण्यानं भरलं. मी फोन उचलून मशीनच्या पाटावर ठेवला, सुईच्या अगदी जवळ, आणि पाय पायडलवर ठेवले. मशीन सुरू झालं.

"दोन्या, मशीन बंद करा, ऐकू येत नाही," मोन सवयीनं म्हणाला.

"चालू दे, मोन," फाउस्तो म्हणाला. "बोलतायत त्या."

मी टाके घालत राहिले. एकेक. सावकाश. एवढं सावकाश मी आयुष्यात शिवलं नसेल. रेडिओवर माझ्याच मशीनचा आवाज माझ्या मशीनच्या मागून येत होता.

"हळू चाललंय," फाउस्तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "ऐकलंस का, मोन? अगदी हळू चाललंय."

मोननं जाहिरात लावली. मी थांबले, डोळे पुसले आणि बघितलं तर सैतानाची बाही मनगटाशी शिवून बंद झाली होती. उसवायला घेतली.